थंड समुद्र, साठीनंतरचे शरीर आणि पहिली तीन मिनिटे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंड पाण्यात पोहण्याच्या फायद्यांविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत अलीकडे जे लेखन आले, ते आमच्या नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर चवीने वाचले गेले. दोघा-तिघांनी त्याची कात्रणे मुलांना परदेशी पाठवली आणि ‘या खेपेला आम्हीही समुद्रात उतरणार’ असे कळवूनही टाकले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी सत्तरीकडे झुकलेली निवृत्त विज्ञानशिक्षिका असून महापालिकेच्या तरणतलावात सकाळच्या महिलांच्या बॅचला अनेक वर्षे पोहते. लेक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला स्थायिक झाल्यामुळे तिथे मुक्कामाला असताना तिथल्या समवयस्क बायकांच्या सोबतीने हिवाळ्यातल्या समुद्रातही उतरते. त्यामुळे या छंदाला माझा विरोध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. माझे म्हणणे एवढेच आहे, की यातला मोठा धोका पोहण्यात नसून पाण्यात शिरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत आणि बाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे, आणि नेमक्या याच दोन गोष्टींविषयी त्या लेखनात एक ओळही नव्हती.

आधी आपल्या समुद्राविषयी, कारण गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. मुंबईलगतच्या अरबी समुद्राचे पाणी वर्षातल्या सर्वांत गार दिवसांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, साधारण २४ ते २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि मे महिन्यात ते २९-३० अंशांवर जाते. जलतरण स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तलावाच्या पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असावे असे म्हटले आहे. म्हणजे ऐन थंडीतला आपला समुद्र हा जवळपास स्पर्धेच्या तलावाइतकाच उबदार असतो. ठाण्यात पहाटे हवा पंधरा-सोळा अंशांवर आलेली असताना उरणच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घातला तर ते कोमट वाटते, ते याच कारणाने. तेव्हा इथे डिसेंबरात समुद्रात पोहून आलेल्या माणसाने ‘मला थंड पाण्याची सवय आहे’ असे म्हणणे हे शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरे नाही. थंड पाण्याचे जे विशेष परिणाम आहेत, ते प्रामुख्याने पंधरा अंशांच्या आसपास आणि त्याखाली तीव्रतेने दिसू लागतात. खुल्या पाण्यातील शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात: पाणी १६ अंशांपेक्षा गार असेल तर शर्यत घ्यायची नाही, आणि १८ अंशांखाली असेल तर सराईत तरुण स्पर्धकांनीही वेटसूट, म्हणजे अंगाची ऊब राखणारा रबरी पोशाख, घातलाच पाहिजे.

आता आपली मुले जिथे राहतात तिथली परिस्थिती पाहावी. ब्रायटनला फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्राचे पाणी सात-आठ अंशांवर येते. न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ते पाच अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. सॅनफ्रान्सिस्कोजवळचा प्रशांत महासागर तर उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे आणि खोलातले गार पाणी वर येत राहिल्यामुळे बाराही महिने दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यानच घुटमळतो. इथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यायला हवी. पाणी हवेपेक्षा फार सावकाश तापते आणि तितकेच सावकाश निवते, त्यामुळे तिथला समुद्र नाताळात नव्हे, तर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये सर्वांत गार असतो. ठाण्याच्या उकाड्याला कंटाळून आपल्याकडचे आईवडील एप्रिल-मेमध्ये मुलांकडे जातात तेव्हा ब्रायटनला बाहेर कोवळे ऊन असते, लोक बिनबाह्यांच्या कपड्यांत आइस्क्रीम खात फिरत असतात, पण पाणी अजून अकरा-बारा अंशांवरच असते. शरीराच्या हिशेबी तो हिवाळाच होय. ऊन पाहून पाण्याचा अंदाज बांधणे हे आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या माणसाला इतके स्वाभाविक आहे, की त्याविषयी कोणी सावध केल्याशिवाय ते लक्षातच येत नाही.

अशा पाण्यात शरीर शिरते तेव्हा काय घडते ते थोडे विस्ताराने सांगते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. कातडीचे तापमान एकदम कोसळले, की कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंकडून इतका मोठा गलका होतो, की माणसाची इच्छा असो वा नसो, छाती एकदम भात्यासारखी फुलून श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर आत हवा जात नाही, पाणी जाते. त्यापाठोपाठ धाप लागते, श्वास उथळ आणि भराभर होतो, आणि एरवी मिनिटभर श्वास रोखून धरणाऱ्यालाही काही सेकंदांपलीकडे तो रोखता येत नाही. त्याच वेळी कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, नाडी धावू लागते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. हा सगळा प्रकार पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतो. थंड पाण्यात बुडणारी माणसे गारठून मरतात असा सार्वत्रिक समज आहे. परंतु अंगातली उष्णता जाऊन शुद्ध हरपायला साध्या पोशाखातल्या निरोगी माणसालाही बराच वेळ लागतो आणि पुष्कळसे मृत्यू त्याआधीच, या पहिल्या मिनिटांत, होऊन गेलेले असतात. कॅनडातील मानिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यात पडणाऱ्यांसाठी ‘एक-दहा-एक’ असे सूत्र रूढ केले आहे. श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय कामाचे राहतील अशी दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. ही मोजणी तरंगत राहणाऱ्या, साधारण निरोगी प्रौढाची आहे. साठी-सत्तरीच्या माणसाने ती आपल्यासाठी जशीच्या तशी धरू नये.

वय वाढते तसे या व्यवहारात नेमके काय बदलते, हे त्या लेखनात यायला हवे होते. उतारवयात कातडीतल्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या घट्ट आक्रसत नाहीत, त्यामुळे उष्णता आत राखली जात नाही. स्नायू घटलेले असल्याने हुडहुडी भरून उष्णता निर्माण करण्याची क्षमताही कमी होते. भरीला, थंडी वाजते आहे ही जाणीवच बोथट झालेली असते; म्हणजे शरीर गार होत असते आणि माणूस ‘मला काही होत नाही’ असे सांगत असतो, आणि ते तो अगदी मनापासून सांगत असतो. हृदयाची गोष्ट याहून नाजूक आहे. थंडीच्या धक्क्याने हृदयाला वेग वाढवण्याचा हुकूम मिळतो. पण श्वास रोखून तोंड गार पाण्यात घातले, की पाण्यात बुडी मारणाऱ्या सर्व सस्तन प्राण्यांप्रमाणे माणसाच्या हृदयालाही वेग कमी करण्याचा हुकूम मिळतो. हे दोन परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी आले, तर हृदयाची लय बिघडू शकते. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि त्यांचे सहकारी यांनी ही बाब २०१२ साली मांडली. तरुण निकोप हृदय असा क्षणिक बिघाड बहुधा पचवते, पण रक्तवाहिन्यांत आधीच अडथळे असतील, जुना हृदयविकार असेल किंवा हृदयाच्या लयीचा विकार असेल, तर तो पचेलच असे नाही. म्हणून सूर मारून किंवा धक्क्यावरून उडी टाकून थंड समुद्रात शिरणे हे साठीनंतर सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजे. ध्वनिचित्रफितींत नेमके तेच जास्त दिसते, कारण पायरी-पायरीने, पुटपुटत, चेहरा वाकडा करत पाण्यात शिरणारी म्हातारी माणसे पाहायला तितकी मजा येत नाही.

आपल्या पिढीत सकाळी गोळी न घेणारे घर शोधावे लागेल, म्हणून औषधांविषयीही लिहिते. रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे थंडीला मिळणाऱ्या नैसर्गिक प्रतिसादात ढवळाढवळ करतात. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे, त्यांना किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर पाय कापला तरी कळत नाही. आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी पोहायला गेल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. तेव्हा ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ हे वाक्य लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत टाकून भागत नाही. ‘मला दहा अंशांच्या पाण्यात उतरायचे आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे लागते, कारण नुसते ‘पोहू का?’ विचारले तर ते आपल्या तरणतलावाचे पाणी डोळ्यांपुढे आणून आनंदाने होकार देतील.

पोहण्यातले कौशल्य पहिल्या मिनिटांत उपयोगी पडत नाही, हे आपल्याकडच्या चांगल्या पोहणाऱ्यांना पटवणे सर्वांत अवघड जाते. आमच्याच तलावावरील एक गृहस्थ, जे विहिरीत पोहायला शिकले आणि आजही तरुणांना मागे टाकतात, ते मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले असता एका निवांत दुपारी थेट समुद्रात शिरले. छातीभर पाण्यातच त्यांचा श्वास असा अडकला, की हात मारणे तर दूरच, शेजारी उभ्या असलेल्या मुलाला हाकही मारता येईना. मुलाने धरून बाहेर आणले म्हणून निभावले. ‘पोहायला येत होते, पण आठवले नाही’, असे ते स्वतःच सांगतात, आणि मला वाटते, थंडीच्या धक्क्याचे याहून नेमके वर्णन कोणा तज्ज्ञालाही करता येणार नाही. अशा वेळी पोहण्याचा प्रयत्न न करता पाठीवर पडून, कान पाण्यात बुडू देऊन, श्वास ताब्यात येईपर्यंत नुसते तरंगत राहावे असे ब्रिटनमधील समुद्रातील जीवरक्षकांची संस्था आरएनएलआय गेली काही वर्षे आवर्जून सांगत आली आहे. साठ ते नव्वद सेकंदांत श्वास सावरतो. पाठीवर तरंगणे ही आपल्याकडे लहान मुलांना शिकवायची गोष्ट मानली जाते आणि मोठी माणसे ती केव्हाच विसरलेली असतात.

सुदैवाने हा धक्का सवयीने बोथट होतो, आणि ही या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट आहे. थंड पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या, तरी श्वासाची ती धडपड जवळपास निम्म्यावर येते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि ही कमावलेली सवय काही प्रमाणात अनेक महिने टिकते. त्यासाठी लांब पोहण्याची गरज नसते. ब्रायटनच्या ज्या बायकांबरोबर मी जाते, त्यांच्यातल्या बहुतेक जणी हिवाळ्यात ‘पोहतात’ म्हणजे मानेपर्यंत पाण्यात जाऊन, किनाऱ्याला समांतर थोडे हातपाय मारून, चार गप्पा करून बाहेर येतात. ब्रायटनला १८६० साली स्थापन झालेला, इंग्लंडमधील सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा जलतरण क्लब आहे आणि तिथे बारमाही समुद्रात उतरण्याची जुनी परंपरा आहे. पण परंपरेचा अभिमान असणारी ही माणसेच सर्वांत सावध असतात, हे मला तिथे शिकायला मिळाले. या बायका सप्टेंबरात, पाणी सतरा-अठरा अंशांवर असताना, सुरुवात करतात आणि दर आठवड्याला उतरत राहतात, त्यामुळे पाण्याबरोबर त्यांचे शरीरही हळूहळू थंडीला सरावते. जानेवारीत विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी समुद्रात जायचे, हा प्रकार त्यांच्या कल्पनेतही बसत नाही. पाण्यात शिरताना त्या आधी पाय, मग मनगटे, मग मान आणि चेहरा भिजवतात आणि छाती पाण्याखाली जाताना मुद्दाम लांब श्वास बाहेर सोडतात. माझी आजी कार्तिकस्नानाला नदीवर पहाटे याच क्रमाने अंगावर पाणी घेई. तिला त्यामागचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण क्रम ठाऊक होता. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात आणि पायात निओप्रीन या रबरासारख्या कापडाचे मोजे, कमरेला दोरीने बांधलेला भडक रंगाचा फुगा, आणि एकटीने कधीही न उतरणे, एवढे त्या पाळतात. ब्रायटनचा किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आणि चांगल्या उताराचा आहे. लाट फुटताना पाय घसरला तर उभे राहणे कठीण जाते. म्हणून लाटा मोठ्या असतील त्या दिवशी त्या किनाऱ्यावरच चहा पिऊन परततात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पाण्यात किती वेळ राहावे, याविषयी ‘जितके अंश तितकी मिनिटे’ असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. माझ्या मते आपल्या वयाला तो घातक आहे. अंगावरची चरबी, वारा, झोप, आदल्या दिवशीचे जेवण, औषधे यांनी प्रत्येकाची मर्यादा निराळी ठरते, आणि ठोकताळा हाती असला की माणूस शरीराचे ऐकण्याऐवजी घड्याळाचे ऐकू लागतो. हातांची बोटे एकमेकांना जुळेनाशी झाली, हात मारताना पाणी पूर्वीइतके मागे ढकलले जात नाही असे वाटले, किंवा पाय खाली जाऊन शरीर पाण्यात उभे होऊ लागले, की ते दंडातले आणि पोटऱ्यांतले स्नायू गारठल्याचे लक्षण असते. तोपर्यंत थांबणे म्हणजे उशीर झालेला असतो. ‘अजून थोडे चालले असते’ असे वाटत असतानाच बाहेर यावे.

बाहेर येणे हा दुसरा अवघड भाग. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलत असतो. बाहेर येऊन उभे राहिले की ते रक्त पुन्हा पायांकडे उतरते आणि रक्तदाब एकदम घसरू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना इथेच भोवळ येते, आणि तीही गोट्यांवर. शिवाय शरीराचे आतले तापमान पाण्यातून बाहेर आल्याबरोबर वाढू लागत नाही, उलट पुढची वीस-तीस मिनिटे ते घसरतच राहते. गॅस बंद केल्यावरही तव्यावरची भाकरी काही वेळ भाजत राहते, तसे हे उलट्या दिशेने चालू असते. म्हणून पाण्यातून आल्यावर अंगात जी विलक्षण तरतरी वाटते, ती फसवी असते, आणि खरी हुडहुडी दहा-पंधरा मिनिटांनी, कपडे बदलण्याचे काम अर्धवट असतानाच, गाठते. तरतरी आहे तोवरच ओले कपडे काढून, अंग कोरडे करून, आधी धडावर आणि मग पायांवर सैल उबदार कपडे चढवावेत; बारीक गुंड्या आणि नाड्यांचे कपडे नकोत, कारण गारठलेली बोटे त्यांच्यापुढे हात टेकतात. थर्मासमधला गोड चहा घ्यावा, मद्य मुळीच घेऊ नये, कारण त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन आतली ऊब बाहेर निघून जाते. लगेच कढत पाण्याच्या शॉवरखाली उभे राहणे हेही त्याच कारणाने टाळावे. भोवळ येण्याचा धोका त्याने आणखी वाढतो. अंग पुरते उबेपर्यंत गाडी चालवू नये.

दोन लक्षणे वाचकांना माहीत असावीत, कारण ती पाहून घरचे लोक घाबरतात किंवा, त्याहून वाईट, दुर्लक्ष करतात. पोहताना न थांबणारा खोकला सुरू झाला, धाप मेहनतीच्या मानाने फार वाटली, छातीत खरखर ऐकू आली किंवा गुलाबी फेसाळ थुंकी पडली, तर फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची ती खूण असू शकते. थंड पाणी, उतारवय आणि उच्च रक्तदाब यांनी तिचा धोका वाढतो. ताबडतोब बाहेर येऊन, बसते करून, रुग्णालय गाठावे. दुसरे असे, की पन्नाशी ते सत्तरीच्या वयात गार पाण्यातून आल्यावर काही तासांपुरती स्मृती पुसली जाण्याचे प्रकार वैद्यकात नोंदलेले आहेत. माणूस बोलतो-चालतो, घरच्यांना ओळखतो, पण ‘आपण इथे कसे आलो?’ हेच पुन:पुन्हा विचारत राहतो. हा विकार बहुधा एका दिवसात आपोआप बरा होतो, परंतु तो पक्षाघात नाही याची खात्री डॉक्टरांनाच करू द्यावी.

फायद्यांच्या बाबतीत मी थोडी कंजूष आहे, हे मान्य करते. थंड पाण्यातून आल्यावर मन प्रसन्न होते याचा अनुभव मलाही आहे आणि छोट्या अभ्यासांत ते आढळलेही आहे. परंतु त्यात पाण्याचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि सोबतच्या मैत्रिणींचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. शिवाय जानेवारीत समुद्रात उतरणारी सत्तरीची माणसे मुळातच इतरांहून धडधाकट असतात. त्यांच्या प्रकृतीचे श्रेय समुद्राला देणे घाईचे ठरते. ‘थंड पाण्याने स्मृतिभ्रंश टळतो’ हे जे विधान आपल्याकडे फिरते, त्याच्या मुळाशी प्रामुख्याने २०१५ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. त्यात उंदरांची शरीरे अतिशय थंड केल्यावर मेंदूतील एका प्रथिनाचे प्रमाण वाढून मज्जातंतूंमधील जोडण्या टिकून राहतात असे दिसले. संशोधन मोलाचे आहे, पण ते उंदरांवरचे आहे आणि त्यांना ज्या थराला गारठवले गेले, त्या थराला माणूस पोहून पोहोचला तर तो परत येणार नाही.

वय हा यातला एकमेव अडसर आहे असेही मी म्हणत नाही. केपटाउनचे हृदयशल्यविशारद ऑटो थॅनिंग यांनी २०१४ साली वयाच्या ७३ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केली. पण ते थंड समुद्राच्या काठी राहणारे आणि वर्षानुवर्षे खुल्या पाण्यात पोहणारे होते, आणि ही मोहीम सप्टेंबरातली होती, हिवाळ्यातली नव्हे. मिहिर सेन यांनी १९५८ साली आणि आरती साहा यांनी १९५९ साली इंग्लिश खाडी पार केली तीही सप्टेंबरातच, कारण त्या पाण्याच्या उबेची ती परमावधी असते. आजही खाडी पोहण्याची परवानगी मागणाऱ्याला १६ अंश किंवा त्याखालील पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली ‘ओशन्स सेव्हन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात सागरी मोहिमा पूर्ण केल्या तेव्हा आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. उष्ण प्रदेशातल्या शरीराला थंड पाण्याची सवय लावण्यासाठी त्यामागे किती तयारी लागते, याची चर्चा मात्र आपण केली नाही.

मग ठाणे-नवी मुंबईतल्या ज्येष्ठांनी हिवाळ्यात काय करावे? माझ्या मते इथल्या समुद्राचा आनंद अवश्य घ्यावा, पण थंडीसाठी नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोकण किनाऱ्यावर समुद्र शांत असण्याचा काळ आहे; मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धा डिसेंबरात भरते ती उगीच नाही. मात्र ठाण्याची खाडी पोहण्याची जागा नव्हे, हे निक्षून सांगायला हवे. सांडपाणी, कमरेपर्यंत रुतवणारा गाळ आणि पुलांच्या खांबांजवळची ओढ, यांच्यापुढे थंडी ही फार किरकोळ अडचण आहे. ती जागा रोहित पक्ष्यांना लखलाभ असो. उरणकडे किंवा अलिबागकडे जायचे असेल तर भरतीची वेळ पाहून जावे. आपल्या कोळी बांधवांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागले, की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला सव्वाअकराला. सकाळी पोहणाऱ्यांसाठी यातून एक सोयीची गोष्ट निघते. पहाटेची भरती अष्टमी-नवमीच्या सुमारास सापडते आणि त्याच दिवसांत भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असल्याने पाण्याला ओढही कमी असते. याउलट अमावास्या-पौर्णिमेला पहाटे उधाणाची ओहोटी असते, पाणी दूरवर गेलेले असते आणि ते परतते तेव्हा जोराने परतते. तरीही जाण्याआधी भरतीचे छापील वेळापत्रक पाहावेच, कारण हिशेब ठोकळमानाचा आहे.

ज्यांना मुलांकडे जाऊन खरोखरीच थंड समुद्रात उतरायचे आहे, त्यांनी इथूनच तयारी करावी. घरातल्या न्हाणीघरात जानेवारीच्या पहाटे नळाचे पाणी जेवढे गार येते, तेवढ्याने आधी पाय, मग हात, मग छाती अशी आंघोळ करत लांब श्वास सोडण्याचा सराव करता येतो. ते पाणी समुद्राइतके गार नसले तरी श्वासाला वळण लागते. तरणतलावात पाठीवर निश्चल तरंगण्याचा सराव हवा. हिवाळ्यात आपल्या महापालिकांच्या तलावांवर सकाळच्या बॅचला अगदी तुरळक माणसे असतात, आणि नेमका तोच काळ या कामाला उत्तम आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी डिसेंबर-जानेवारीत ज्येष्ठांसाठी अशी एखादी बॅच प्रशिक्षक आणि जीवरक्षक यांच्या देखरेखीखाली चालवली, आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी तिच्या आरंभी हृदयरोगतज्ज्ञाचे एक व्याख्यान ठेवले, तर खर्च फारसा येणार नाही.

आपल्याला विनंती अशी, की या विषयावर पुन्हा लेख छापताना त्यासोबत एक चौकट अवश्य द्यावी. ज्या देशातल्या पोहण्याचे वर्णन असेल तिथल्या पाण्याचे त्या महिन्यातले तापमान, पोहणाऱ्याने किती महिने सराव केला होता ते, आणि धक्का बसला तर पाठीवर तरंगत राहण्याची सूचना, एवढे तीन तपशील तीत असावेत. फोटो छापायचाच असेल तर उडी मारणाऱ्याचा नको, कठड्याला धरून उतरणाऱ्याचा छापावा.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)